पावणेआठ आणि पाहुणे आठ

गेल्या महिन्यात आमच्या आईने फोनला सांगितलं, "पावणेआठला जेवायला येते." फोनने ऐकलं, लिहून काढलं आणि कोथरूडला वहिनीकडे धाडून दिलं. वहिनीच्या पडद्यावर उमटलं, 'पाहुणे आठ जेवायला येते.' वहिनीने 'येते'कडे काणाडोळा केला, 'आठ' तेवढं वाचलं आणि कुकरला तीन वाट्या तांदूळ जास्त लावले. आई मात्र एकटीच, अळूवड्यांचा डबा घेऊन, पावणेआठच्या ठोक्याला दारात हजर. दुसऱ्या दिवशी घरात सगळ्यांनी फोडणीचा भात खाल्ला.

घरच्यांनी फोनला नावं ठेवली. मला मात्र त्या चुकीचं कौतुक वाटलं. फोन नुसता बहिरा असता तर त्याने काहीतरी अगम्य लिहिलं असतं. हा चुकला तो अर्थ लावायला गेला म्हणून. शेजारी 'जेवायला' असेल तर घड्याळापेक्षा पाहुणाच जास्त शोभतो. शिवाय सासवडकडे किंवा जुन्नरकडे गेलात तर पाहुण्याला 'पावणं' म्हणणारी माणसं पावलोपावली भेटतील. म्हणजे फोनचा अंदाज अगदीच टाकाऊ नव्हता.

आईच्या तोंडून निघतो तो हवेच्या दाबातला चढउतार. मायक्रोफोन त्याची वीज करतो आणि फोन ती वीज मोजतो. बोलणं ओळखणाऱ्या बहुतेक प्रणाली सेकंदाला १६,००० वेळा मोजतात. आईचं वाक्य दोन सेकंदांचं धरलं तर हातात ३२,००० आकड्यांची रांग येते. त्या रांगेकडे कितीही टक लावून बघा, त्यात 'पा' दिसत नाही आणि 'ठ'ही दिसत नाही. मग रांगेचे २५-२५ मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात. दर १० मिलिसेकंदांनी नवा तुकडा सुरू होतो, त्यामुळे तुकडे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. मग प्रत्येक तुकड्यात जाड स्वर किती, बारीक किती, कुठल्या कंप्रतेचा, म्हणजे सेकंदाला किती कंपनं त्याचा, वाटा किती हे काढतात. जोझेफ फुरिए या फ्रेंच गणितीने १८२२ साली उष्णता कशी पसरते हे मांडताना जी युक्ती वापरली, तीच ही. कुठलीही वेडीवाकडी लाट साध्या, नियमित लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते.

हीच युक्ती पुण्याहून नाशिक रस्त्याने निघून नारायणगावपाशी आत वळलं की खोडदला अजस्र रूपात दिसते. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येक तबकडीत येणारा रेडिओ संकेत असाच कंप्रतांमध्ये फोडतात आणि मग दोन-दोन तबकड्यांच्या जोड्या लावून ताडून पाहतात. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, आणि हे सगळं संकेत येत असतानाच करायचं असतं. दुर्बिणीची सुधारणा झाली तेव्हा या कामाला ग्राफिक्स प्रोसेसर जुंपले. हा प्रोसेसर मुळात पोरांच्या व्हिडिओ गेममधली चित्रं भराभर रंगवण्यासाठी जन्मला. एकाच प्रकारची हजारो सोपी गणितं एकदम करायची, एवढंच त्याला येतं. आकाशगंगेच्या संकेतांना तेच लागतं आणि आईचं बोलणं समजून घ्यायला शिकणाऱ्या न्यूरल जाळ्यालाही, म्हणजे उदाहरणं बघून शिकणाऱ्या संगणकी आकडेमोडीलाही, तेच.

पुण्याला या मोजणीचं अप्रूप जुनंच आहे. १९९१ साली सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने इथे परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हा सेकंदाला सुमारे एक अब्ज गणितं हा अभिमानाचा आकडा होता. आज चांगल्यापैकी फोनमधली खास चिप सेकंदाला काही लाख कोटी गणितं करते. अर्थात ही गणितं परमच्या मानाने ढोबळ असतात, म्हणून आकड्याला आकडा भिडवणं थोडं लबाडीचं आहे. पण जे पूर्वी वातानुकूलित खोलीत चालायचं ते आता खिशात चालतं, आणि त्यामुळे बोलणं ओळखायचं काम दूरच्या सर्व्हरकडे न पाठवता फोनमध्येच उरकता येऊ लागलं आहे. आपला आवाज घराबाहेर जातो की नाही, हा प्रश्न मला फोनच्या कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

कंप्रतांचं चित्र हाती आलं की जाळं अक्षरांचे अंदाज बांधतं, आणि इथे मराठी त्याची खरी परीक्षा बघते. 'चार जनावरांना चारा घाल' हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च एक नाही. पहिल्यात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांकडे सरकते. आपण दोन्हींना एकच अक्षर देऊन मोकळे झालो. 'जग' लिहिलं तर ते सगळं विश्व की 'बाबा रे, जग' असा आशीर्वाद, हे उच्चारात कळतं, लिहिण्यात नाही. ऐकून लिहिणाऱ्या यंत्राला दोन ध्वनी एका अक्षरात कोंबायचे असतात. वाचून बोलणाऱ्याचं काम अवघड, कारण त्याला एका अक्षरातून योग्य ध्वनी निवडायचा असतो. म्हणूनच एखादा यांत्रिक आवाज 'चमचा' असा काही म्हणतो की वाटतं, नुकताच मराठी शिकलेला कोणी परप्रांतीय बोलतोय.

आकड्यांची तर वेगळीच गंमत. एकोणसत्तर म्हणजे ६९, पण त्यात ऐकू येतो तो सत्तर. पावणेदोनशे म्हणजे १७५, अडीचशे म्हणजे २५०, सव्वाशे म्हणजे १२५. मंडईत कोणी 'अडीचशे दे' म्हटलं की गवारीचा भाव माहीत असणाऱ्याला ते ग्रॅम आहेत हे सांगावं लागत नाही. यंत्राला हा व्यवहार शिकवायचा तर मंडईतलं बोलणं त्याच्या कानावर पडायला हवं.

आणि घोडं तिथेच अडतं. २०२२ साली आलेल्या व्हिस्पर या बोलणं ऐकून लिहिणाऱ्या गाजलेल्या प्रणालीला ६ लाख ८० हजार तासांचं ध्वनिमुद्रण ऐकवून तयार केलं होतं. त्यात इंग्रजीखेरीज ९६ भाषांतलं बोलणं त्याच भाषेत लिहायला शिकवण्यासाठी सगळ्या मिळून १ लाख १७ हजार तास होते. त्यातही महाजालावर जे मराठी सापडतं ते बातम्यांचं, भाषणांचं, मुलाखतींचं. आम्ही पेठेतली माणसं स्वतःच्या बोलीला प्रमाण मानून बसलोच आहोत, आता यंत्रही तेच मानणार. शेतावरचा गडी 'पानी' म्हणाला की ते मराठी पाणी आहे की हिंदी, असा प्रश्न यंत्राला पडू शकतो. केंद्र सरकारच्या २०२२ साली सुरू झालेल्या भाषिणी उपक्रमात 'भाषादान' म्हणून सोय आहे. तिथे कुणीही आपल्या भाषेत वाक्यं बोलून दान करू शकतो. सदाशिव पेठेतून दान कमी आलं तरी चालेल. मावळातून, पुरंदरातून, ऊसतोडीच्या फडावरून यायला हवं.

आता उलटी बाजू, म्हणजे यंत्राने बोलण्याची. पुणे स्टेशनवर लोणावळा लोकलची घोषणा ऐकताना मधे किंचित अडखळ जाणवते. आधीच मुद्रित केलेले शब्द आणि आकडे सुतात ओवून ते वाक्य तयार होतं, आणि मण्यांमधल्या गाठी कानाला लागतात. २०१६ साली वेव्हनेट या पद्धतीने मणी फेकून दिले. आधीचे आकडे बघून पुढचा आकडा कोणता असावा हे ठरवायचं, आणि असं एकेक करत सेकंदाला १६,००० आकडे रचत जायचं. गाठच उरली नाही. पुढे २०२३च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी व्हॅल-ई मांडलं. माणसाचा फक्त तीन सेकंदांचा नमुना दिला की ते त्याच्या आवाजात हवं ते इंग्रजी वाक्य बोलायचं. तीन सेकंद म्हणजे 'हॅलो, कोण बोलतंय? आवाज येत नाहीये' एवढंच.

पुणेकराला याचा अर्थ कळायला रेडिओ आठवावा. १९५३ साली पुण्याला आकाशवाणी केंद्र आलं, आणि पुढे कित्येक वर्षं सकाळच्या प्रादेशिक बातम्या हेच घरातलं घड्याळ होतं. निवेदकाचा चेहरा कुणी पाहिलेला नसे, पण आवाज ऐकला की तो माणूस घरातला वाटे. त्या आवाजात सांगितलं ते खरं, असा न लिहिलेला करार होता. २०२४च्या मे महिन्यात दूरदर्शनच्या डीडी किसान या शेतकऱ्यांसाठीच्या वाहिनीवर दोन कृत्रिम निवेदक आले, पन्नास भाषांत बोलू शकणारे. हवामान आणि बाजारभाव सांगायला मला त्यांचं वावडं नाही. रात्री अडीचला खोकला न येता गारपिटीचा इशारा चाळीस बोलींत देता आला तर ते चांगलंच. पण त्या जुन्या करारावर सही करणारा माणूस आता तिथे नाही, आणि बातमी चुकली तर कुणाच्या नावाने बोटं मोडायची हेही ठरलेलं नाही.

आकाशवाणी आली त्याच वर्षी भीमसेन जोशींनी सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. त्या मैफलींच्या कॅसेटी पुण्यात किती घरांत माळ्यावर पडून असतील, कुणास ठाऊक. त्यांची खरखर काढणं आज घरच्या लॅपटॉपवर जमतं. इथे एक सांभाळावं लागतं. टाळेबंदीत माझी भाची ऑनलाइन गाणं शिकत होती. गुरूंना तिचा गळा ऐकू जायचा, तानपुरा नाही. जे सतत एकसारखं वाजतं ते पंख्याच्या घरघरीसारखं निरुपयोगी समजून गाळायचं, असा कॉलच्या प्रणालीचा हिशोब होता. त्या हिशोबाने षड्ज-पंचमाचा अखंड झंकार कचऱ्यात गेला. कॅसेट साफ करणाऱ्या यंत्रालाही कुणीतरी सांगावं लागेल की या खरखरीत तानपुरा कुठला आणि टेप कुठली. आणि जिथे टेप पारच खाल्ली गेली आहे तिथे यंत्र आपल्या मनाने सूर भरतं. ऐकायला गोड लागतं, पण ती जागा बुवांनी घेतली होती की यंत्राने, हे कॅसेटच्या वेष्टनावर लिहून ठेवायला हवं.

लिहून ठेवण्याची पद्धत छायाचित्रांत सुरूही झाली आहे. २०२१ साली स्थापन झालेल्या सी-टू-पी-ए या तंत्रज्ञान आणि माध्यम कंपन्यांच्या गटाने त्यासाठी मानक ठरवलं. फोटो निघतानाच कॅमेरा त्यावर गणिती सही करतो, आणि पुढे कुणी छेडछाड केली तर सही जुळत नाही. २०२३ साली लायकाने असा कॅमेरा बाजारात आणला. खोटं पकडणाऱ्या यंत्रांपेक्षा खऱ्यावर शिक्का मारणं मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण पकडणारं यंत्र सुधारलं की फसवणारं त्याच्याकडूनच शिकतं.

पण आपल्या साध्या फोन कॉलवर असा शिक्का कुठला? उलट फोन खोट्याला मदतच करतो. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पलीकडे पोचतो. 'स'ची बरीचशी सळसळ त्याच्या वरच राहते, म्हणून तर आपण फोनवर 'सातारचा स' म्हणून सांगतो. नकली आवाजाचे बारीक दोष असतील तर तेही अशा चाळणीत गळून जाऊ शकतात. २०२४च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत साहेबांना पाहिलं, ऐकलं आणि सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. त्या बैठकीत तो सोडून बाकी सगळे नकली होते.

यावरचा उपाय तंत्रज्ञानाचा नाहीच. पैसे मागणारा आवाज कितीही ओळखीचा असला तरी फोन ठेवायचा आणि आपल्याकडे असलेल्या जुन्या नंबरवर स्वतः लावायचा. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच कळवायचं. आईने यावर स्वतःची तोड काढली आहे. माझा फोन आला की ती हल्ली आधी विचारते, "वहिनीकडे त्या रात्री किती भात उरला होता?" उत्तर आमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नाही. आता मी ते इथे लिहीत नाही, एवढंच.

फोन अजून 'पावणेआठ'ला अडतो. दादाच्या मुलीने परवा आईला समजावलं, "आजी, तू सरळ 'सात पंचेचाळीस' म्हण ना, त्याला नीट कळेल." आईने एकदा म्हणून पाहिलं. फोनने बिनचूक लिहिलं. आईने ते वाचलं, पुसून टाकलं आणि फोन नातीच्या हातात दिला.

"सात पंचेचाळीस ही गाडीची वेळ झाली. जेवायला मी पावणेआठलाच येणार. तूच लिही."