५१२ चा सेक्टर, ४०९६ चं पेज: लिनक्समधली जुनी गाठ

डिस्कवरची जागा मोजताना लिनक्स कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) आतलं माप आजही ५१२ बाइट हेच आहे. डिस्कचा सेक्टर, म्हणजे तिच्यावर लिहिण्या-वाचण्याचा सर्वांत छोटा तुकडा, ४०९६ बाइटांचा असला तरी ब्लॉक लेयरचा (कर्नलमधल्या डिस्क सांभाळणाऱ्या भागाचा) हिशेब बदलत नाही. म्हणून अशा डिस्कवर एफडिस्क हे साधन पार्टिशनची (डिस्कच्या एका विभागाची) सुरुवात २५६ दाखवतं आणि सिसएफएसमधल्या (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागेतल्या) 'स्टार्ट' फाइलीत २०४८ दिसतं. पहिला आकडा ४०९६ च्या मापात, दुसरा ५१२ च्या; दोन्ही बरोबर, जागा एकच, सुरुवातीपासून १ मेबिबाइटवर.

५१२ हा आकडा १९८० च्या दशकात आयबीएम पीसीसोबत रुळला. ४०९६ आला प्रोसेसरकडून. इंटेलच्या ८०३८६ नं १९८५ मध्ये ४ किलोबाइटची पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) आणली आणि १९९१ मध्ये लिनक्स लिहिलं गेलं ते याच प्रोसेसरवर. एका पेजात आठ सेक्टर बसत, तेव्हा कुणाची अडचण नव्हती.

अडचण डिस्क बनवणाऱ्यांना आली. प्रत्येक सेक्टरमागे चूक-दुरुस्तीचे साधारण ५० बाइट जात. ४०९६ बाइट एकत्र ठेवले तर सुमारे १०० पुरत. आठ छोट्या सेक्टरांना ४०० लागत, ते १०० वर आले. जानेवारी २०११ पासून लॅपटॉप-डेस्कटॉपच्या नव्या हार्ड डिस्क ४०९६ बाइटांच्या सेक्टरवर, म्हणजे 'ॲडव्हान्स्ड फॉरमॅट'वर, नेण्याचं उद्योगानं ठरवलं. जुन्या सिस्टिम अडू नयेत म्हणून बहुतेक डिस्क बाहेरून ५१२ च सांगत राहिल्या.

खरा फटका बसला ६३ या आकड्यामुळे. जुन्या पार्टिशन टेबलात ट्रॅकवरच्या सेक्टरचा क्रमांक सहा बिटांत मावायचा, मोजणी १ पासून, म्हणजे जास्तीत जास्त ६३. पहिला ट्रॅक राखून पहिलं पार्टिशन सेक्टर ६३ वर सुरू होई. ६३ ला आठनं भाग जात नाही. तिथे फाइल सिस्टिमनं (फाइली डिस्कवर मांडणाऱ्या व्यवस्थेनं) ४ किलोबाइटचा पहिला ब्लॉक लिहिला की तो ६३ ते ७० या सेक्टरांत पडतो, पण डिस्कचे खरे सेक्टर ५६-६३ आणि ६४-७१ असे आहेत. मग डिस्क दोन्ही वाचणार, बदलणार, तबकडी पुन्हा फिरून येईपर्यंत थांबणार आणि मग लिहिणार. ७२०० आरपीएमला एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. डेटा शाबूत राहतो, फक्त लिहिणं रखडतं. म्हणूनच हा दोष पटकन सापडत नसे. २००९ च्या २.६.३१ कर्नलपासून डिस्कच्या सेक्टरचे लॉजिकल (बाहेरून सांगितलेले) आणि फिजिकल (खरे) आकार सिसएफएसमध्ये वेगवेगळे मिळू लागले, आणि पार्टिशनची साधनं २०४८ पासून सुरुवात करू लागली.

बाहेरूनही ४०९६ सांगणाऱ्या डिस्कवर जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत उतरवली, तर पार्टिशनच सापडत नाहीत. जीपीटी या नव्या पार्टिशन टेबलाचा हेडर सेक्टर १ वर शोधला जातो; प्रतीत तो ५१२ व्या बाइटला असतो, कर्नल ४०९६ व्या बाइटला बघतो.

पेजच्या बाजूला स्वॅपचं (मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेचं) उदाहरण बघा. ही जागा तयार करणारं साधन एमकेस्वॅप आपली दहा बाइटांची खूण पहिल्या पेजच्या शेवटी लिहितं: ४ किलोबाइट पेज असेल तर ४०८६ व्या बाइटपासून, ६४ असेल तर ६५५२६ पासून. आर्म किंवा पॉवर प्रोसेसरवर पेजचा आकार बदलून दुसरा कर्नल चालवला, की तेच स्वॅप पार्टिशन त्याला चालत नाही. एमकेस्वॅप पुन्हा चालवावं लागतं.

सगळ्यात चिवट गाठ मात्र तिसरीच: फाइल सिस्टिमचा ब्लॉक पेजपेक्षा मोठा नको. पेज कॅशची (डिस्कवरचा डेटा मेमरीत ठेवणाऱ्या भागाची) रचनाच एका पेजात एक किंवा अधिक ब्लॉक अशी होती. एक्सएफएस (एक फाइल सिस्टिम) मूळचं आयरिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचं, तिथे ६४ किलोबाइटचे ब्लॉक चालत. लिनक्सवर आल्यावर ते पेजच्या आकारात अडकलं. २००७ मध्ये क्रिस्टॉफ लॅमेटर यांनी मोठ्या ब्लॉकसाठी पॅच (कर्नलच्या कोडमधले बदल) मांडले, पण ६४ किलोबाइटच्या ब्लॉकला लागणारी सोळा सलग पेजेस दर वेळी मिळतील का, हा आक्षेप रास्त होता आणि ते मागे पडले. मॅथ्यू विल्कॉक्स यांचे फोलिओ कर्नल ५.१६ मध्ये आले, तेव्हा अनेक पेजेसचा गठ्ठा एक वस्तू म्हणून हाताळण्याची सोय पेज कॅशला मिळाली. त्यावर ६.१२ मध्ये एक्सएफएसचे मोठे ब्लॉक उभे राहिले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वात मोलाचं काम हेच.

६४ किलोबाइट पेजच्या मशीनवर तितक्याच ब्लॉकनं बनवलेलं एक्सएफएस आता साध्या इंटेल मशीनवर माउंट होतं. अट एकच: ते एक्सएफएसच्या नव्या, व्ही५ स्वरूपातलं हवं. जुनं व्ही४ असेल तर नवा कर्नलही ते नाकारतो आणि डेटा आधी मूळ मशीनवरूनच काढून घ्यावा लागतो.