बधिर पायाचे दुखणे आणि घरातले 'करंटचे मशीन'

नाशिकमधल्या सर्जिकलच्या दुकानात गेले, की रक्तदाब मोजण्याच्या यंत्राशेजारी तळहातावर मावेल एवढे आणखी एक यंत्र दिसते. त्यातून वायरी निघतात, प्रत्येक वायरीच्या टोकाला त्वचेवर चिकटणारी जेलची पट्टी असते आणि डबीवर प्रवाह कमी-जास्त करण्याची बटणे असतात. त्याचे नाव टेन्स, म्हणजे त्वचेवरून मज्जातंतूंना सौम्य वीज देणारे यंत्र. फिजिओथेरपी घेऊन आलेली मंडळी त्याला सरळ 'करंटचे मशीन' म्हणतात. मान, कंबर, गुडघा यांच्या दुखण्यावर ते बऱ्याच वर्षांपासून वापरले जाते. आता मधुमेहामुळे पायांच्या मज्जातंतूंना इजा झालेले, म्हणजे न्यूरोपॅथी असलेले रुग्णही रात्रीची आग शमावी म्हणून ते घरी आणू लागले आहेत. त्यांच्यापैकी काहींना त्याचा खरोखर आराम मिळू शकतो. मात्र ज्या तळव्याला स्पर्श कळेनासा झाला आहे, त्याच तळव्यावर पट्टी चिकटवून, काही जाणवत नाही म्हणून प्रवाह वाढवत नेणे हा या यंत्राचा सर्वांत निरुपयोगी आणि सर्वांत धोकादायक वापर आहे. दुखते तिथेच औषध लावायची आपली सवय पाहता, घरी नेमके तेच होण्याची भीती असते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण आहेत. दीर्घकाळ वाढलेली साखर मज्जातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना इजा करते. शरीरातले सर्वांत लांब तंतू कमरेतून निघून पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून इजा आधी बोटांच्या टोकांशी दिसते आणि मग दोन्ही पायांवर मोजा चढावा तशी वर सरकते. मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखे होते, अंथरुणावर पडले की तळपायांची आग होते, चादरीचा स्पर्शसुद्धा नकोसा वाटतो. त्याच वेळी चालताना पायातली चप्पल कधी निसटली हे कळत नाही; मागून येणारे कोणी सांगते तेव्हा लक्षात येते.

एकच पाय बधिरही असतो आणि दुखतही असतो, हे रुग्णाला आणि घरच्यांना पटणे कठीण जाते. याचे उत्तर तंतूंच्या प्रकारांत आहे. स्पर्श, दाब आणि कंपन यांची जाणीव जाड तंतू पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूपर्यंत नेतात. वेदना आणि तापमान यांची जाणीव बारीक तंतू नेतात. इजा झालेले बारीक तंतू बाहेर काहीही घडत नसताना आपोआप संदेश पाठवू लागतात आणि मेंदू त्याला आग समजतो. जाड तंतू निकामी झाले, की खरा स्पर्श पोहोचत नाही. म्हणजे दुखण्याच्या तीव्रतेवरून पायात किती जाणीव शिल्लक आहे याचा अंदाज बांधता येत नाही, आणि हे यंत्र लावण्यापूर्वी ठाऊक असायला हवी ती गोष्ट म्हणजे हीच शिल्लक जाणीव.

ते का, हे समजण्यासाठी यंत्र काम कसे करते ते पाहायला हवे. तळपायांची आग झाली की काशाच्या वाटीने तूप चोळण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि चोळताना आग कमी झाल्यासारखी वाटते हा अनेकांचा अनुभव आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलेला द्वार-नियंत्रण सिद्धान्त अशा अनुभवांचे स्पष्टीकरण देतो. वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्यापूर्वी मेरुरज्जूतल्या एका टप्प्यावरून पुढे सरकतो. त्याच टप्प्यावर जाड तंतूंकडून स्पर्शाचे संदेश मोठ्या संख्येने आले, तर तिथल्या चेतापेशी वेदनेचा संदेश पुढे जाण्याला आडकाठी करतात. या सिद्धान्ताच्या तपशिलांत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकून आहे. वॉल यांनीच विल्यम स्वीट या शल्यविशारदाबरोबर 1967 मध्ये माणसाच्या मज्जातंतूला सौम्य विद्युत-उत्तेजन देऊन वेदना तात्पुरती थांबवता येते हे दाखवले आणि आजच्या टेन्सचा पाया घातला गेला.

जाड तंतू थोड्याशा विजेनेही उद्दीपित होतात. बारीक तंतूंना त्याहून जास्त प्रवाह लागतो. टेन्स याचाच फायदा घेते. सेकंदाला साधारण 50 ते 100 अशा वेगाने ते विजेचे स्पंद पाठवते. प्रत्येक स्पंद सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजला तर 50 ते 250 भाग एवढाच टिकतो. त्वचेला ठळक, पण न दुखणारी झिणझिण जाणवते. सेकंदाला दोन-चार स्पंदांचा दुसरा प्रकार थोड्या जास्त प्रवाहाने दिला जातो आणि त्यात स्नायू हलके थडथडतात. दोन्ही प्रकारांत शरीराची स्वतःची, अफूच्या कुळातली वेदनाशामक रसायनेही कामाला लागतात. रोज त्याच वारंवारतेने, त्याच ताकदीने यंत्र लावत राहिल्यास मात्र परिणाम हळूहळू बोथट होतो. म्हणून वारंवारता आलटून पालटून वापरण्याचा सल्ला दिला जातो.

हे सगळे मेरुरज्जूपर्यंत संदेश नेणारे जाड तंतू जिवंत असण्यावर अवलंबून आहे. पूर्ण बधिर झालेल्या तळव्यात ते तंतू उरलेलेच नसतात. तिथे प्रवाह वाढवून आराम मिळत नाही आणि किती प्रवाह जातो आहे याची सूचना देणारी जाणीवही नसते. मधुमेहात घाम आणणारे तंतूही बिघडतात, त्यामुळे तळवा कोरडा पडतो. त्यात नाशिकची हिवाळ्यातली कोरडी हवा, आणि टाचांना भेगा पडतात. पट्टीचे जेल सुकलेले असेल किंवा तिचा एक कोपरा सुटलेला असेल, तर प्रवाह उरलेल्या लहानशा भागात एकवटतो आणि त्वचा भाजू शकते. निरोगी माणूस चटका बसताच पट्टी काढतो. बधिर पायाच्या रुग्णाला ते दुसऱ्या दिवशी फोड दिसल्यावर कळते, आणि मधुमेहात असा फोड बरा व्हायला महिने लागू शकतात.

म्हणून पट्टी लावायची ती जाणीव शाबूत असलेल्या जागी, बहुतेक रुग्णांच्या बाबतीत घोट्याच्या वर, पोटरीवर. पोटरीचे आणि तळव्याचे तंतू मेरुरज्जूच्या जवळपास त्याच भागात पोहोचतात, त्यामुळे तळव्याच्या वेदनेवर पोटरीवरून परिणाम साधता येतो. जाणीव कुठवर आहे हे आधी तपासून घ्यावे. दवाखान्यात यासाठी नायलॉनचा एक ताठ धागा वापरतात. तो त्वचेवर टेकवून दाबला, की 10 ग्रॅम दाबाला वाकतो. रुग्णाने डोळे मिटून, धागा टेकल्याचे कळले की 'हो' म्हणायचे असते. पायाच्या अंगठ्याच्या हाडावर कंपन करणारा धातूचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) टेकवूनही तपासतात. ही तपासणी काही मिनिटांची आहे, तिला सुई लागत नाही, आणि माझ्या मते यंत्राची पावती फाडण्याआधी ती झालीच पाहिजे.

पहिल्यांदा यंत्र फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली लावून घेतलेले बरे. त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी, तेल किंवा मलम लावलेले नसावे. यंत्र बंद असताना दोन्ही पट्ट्या किमान दोन बोटांचे अंतर ठेवून चिकटवाव्यात आणि मग शून्यापासून हळूहळू प्रवाह वाढवावा. झिणझिण स्पष्ट, पण सुसह्य वाटली की थांबावे. इतका वेळ वाढवूनही काहीच जाणवत नसेल, तर प्रवाह आणखी न वाढवता यंत्र बंद करून जागा बदलावी. अर्ध्या तासाने पट्टी काढून त्वचा उजेडात पाहावी. लाली थोड्या वेळात ओसरायला हवी. पट्ट्या लावून झोपू नये, वाहन चालवू नये आणि ओल्या अंगाने यंत्राला हात लावू नये. पेसमेकर किंवा हृदयात बसवलेले दुसरे यंत्र असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय टेन्स मुळीच वापरू नये. मानेच्या पुढच्या भागावर, छातीवर, गरोदरपणी पोटावर, जखमेवर आणि रक्ताची गुठळी झालेल्या पायावर ते लावू नये. अपस्माराच्या रुग्णांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे.

आता पुराव्याचे. अमेरिकेत 1997 मध्ये मधुमेही न्यूरोपॅथीच्या 31 रुग्णांवर झालेल्या एका लहान प्रयोगात त्यांनी चार आठवडे घरीच विद्युत-उत्तेजन घेतले. खरे उत्तेजन मिळालेल्या 18 पैकी 15 जणांना बरे वाटले, तर प्रवाह बंद असलेले यंत्र मिळालेल्या 13 पैकी पाच जणांनाही बरे वाटले. हा दुसरा आकडा महत्त्वाचा आहे, कारण 'मला फरक पडला' हा शेजाऱ्याचा अनुभव खरा असूनही तो विजेमुळेच पडला असे त्यातून सिद्ध होत नाही. अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीने 2010 मध्ये मधुमेही न्यूरोपॅथीच्या वेदनेवर टेन्स बहुधा परिणामकारक असल्याचे म्हटले. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात सर्व प्रकारच्या मज्जातंतू-वेदनांवरचे 15 प्रयोग तपासले गेले. त्यांतल्या पाच प्रयोगांत, 207 रुग्णांमध्ये, खोट्या यंत्राच्या तुलनेत, शून्य ते दहा गुणांत मोजलेली वेदना सरासरी सुमारे दीड गुणांनी कमी झाली होती, पण पुरावा इतक्या कच्च्या दर्जाचा होता की आढावाकारांनी ठाम निष्कर्ष काढण्याचे टाळले. मला यातून एवढेच दिसते, की आराम मिळाला तर तो मध्यम आणि तात्पुरता असेल, आणि ज्याला तो मिळतो त्याच्या झोपेसाठी तेवढाही मोलाचा आहे.

खराब झालेला तंतू मात्र टेन्समुळे दुरुस्त होत नाही. बाजारात मिळणाऱ्या, पायाखाली घेण्याच्या थरथरणाऱ्या गाद्या किंवा स्नायूंना आकुंचन देणारी यंत्रे ही वेगळी उपकरणे आहेत. टेन्सवरचे निष्कर्ष त्यांना लागू होत नाहीत. 'नसा पुन्हा जिवंत होतात' अशी जाहिरात असेल तर ते यंत्र घेऊ नये. वैद्यकीय उपकरण म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्राच्या वेष्टनावर उत्पादनाचा किंवा आयातीचा परवाना क्रमांक आहे का, तेही पाहावे.

न्यूरोपॅथीचे कारण शोधण्याचे काम यंत्रामुळे लांबणीवर पडू नये, याची मला अधिक काळजी वाटते. मधुमेहाशिवाय ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, दारू, कुष्ठरोग, क्षयावरचे आयसोनियाझिड आणि कर्करोगावरची काही औषधे यांमुळेही तंतू बिघडतात. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या आणि शाकाहारी रुग्णांत ब-12 कमी असण्याची शक्यता वाढते, आणि ते वेळेत कळले तर इंजेक्शनने किंवा गोळ्यांनी भरून काढता येते. वेदनेसाठी प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे आहेत. त्यांना टेन्सची जोड देता येते, पण डॉक्टरांना न सांगता ती बंद करून केवळ यंत्रावर विसंबू नये.

तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करणारे, रामकुंडावर भर उन्हात तापलेल्या दगडी पायऱ्यांवर चालणारे मधुमेही आपल्याकडे असतात. यंत्राने रात्रीची आग कमी झाली म्हणून तळव्याची गेलेली जाणीव परत आलेली नसते, त्यामुळे त्यांनी पायांत काहीतरी घालूनच चालावे. श्रद्धेला त्याने बाधा येत नाही. रोज रात्री, पट्ट्या लावण्याआधी, तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या आरशात किंवा घरच्या कोणाकडून पाहून घ्याव्यात. एखादा पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेला दिसला, तर तो दुखत नसला तरी त्या दिवशी यंत्र लावू नये. बधिर पायातली हाडे आतल्या आत मोडू लागल्याची ती खूण असू शकते. त्या पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.