पुराचे पाणी म्हणजे वीज नव्हे
दुथडी भरून वाहणारी नदी पाहिली की ‘एवढे पाणी फुकट समुद्राला जाते, येथे सहज वीज झाली असती’ असे वर्षानुवर्षे बोलले जाते. परंतु जलविद्युत स्थळाची व्यवहार्यता पुरावरून ठरत नाही. वीज ठरते ती प्रवाह आणि पाण्याला मिळणारी उंची यांच्या गुणाकारावरून. सेकंदाला एक घनमीटर पाणी १० मीटर खाली पडले, तर ८० टक्के कार्यक्षमता धरून जेमतेम ७८ किलोवॅट मिळतात. तेच पाणी कोयना प्रकल्पाप्रमाणे सुमारे ४७५ मीटर उतरले, तर साडेतीन हजारांहून अधिक. म्हणूनच कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहाकडे उतरवले गेले.

नदीची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. ओढ्याच्या सरळ भागात १० मीटर अंतर आखून लाकडाचा तुकडा पाण्यावर सोडावा, त्याला लागलेली वेळ मोजावी आणि आलेला वेग साधारण ०.८५ ने गुणावा, कारण तळाशी पाणी सावकाश वाहते. त्याला पात्राच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने (रुंदी गुणिले सरासरी खोली) गुणले की प्रवाहाचा अंदाज मिळतो. अभियंते अशा अनेक वर्षांच्या दैनंदिन नोंदी उतरत्या क्रमाने लावून ९० टक्के दिवस किती पाणी हमखास असते ते पाहतात. सह्याद्रीतील बहुतेक नद्यांत हा आकडा इतका लहान असतो, की साठ्याशिवाय बारमाही वीज अशक्यच. पूर उलट अडचणच करतो: वीजगृहाखालील नदीची पातळी चढून पाणी पडण्याची उंची घटते आणि गाळाने टर्बाइनची पाती झिजतात.