चुकलेल्या अक्षरावर हरताळ

काचपट्टीवर ओढलेला रक्ताचा थेंब रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, दिसला, तर पॅथॉलॉजिस्ट गंभीर होतो, पुन्हा एकदा नीट बघतो आणि रिपोर्ट लिहायला घेतो. एका प्रकारात मात्र तो रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघत नाही, थेट वॉर्डात फोन करतो.

त्याला दिसलेलं असतं ते असं. पेशी मोठ्या, जांभळट-लाल दाण्यांनी इतक्या गच्च भरलेल्या की केंद्रक धड दिसत नाही. केंद्रक दिसलंच तर मधोमध चिमटा काढल्यासारखं, दोन पाकळ्यांचं. आणि एखाद्या पेशीत लाल सुयांचा जुडगा, रानातून आणलेली सरपणाची मोळी आडवी टाकावी तसा. इंग्रजीतही या पेशीचं जुनं नाव मोळीवरूनच पडलंय. या आजाराचं नाव अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. वॉर्डात त्याला कुणी एवढं लांबलचक म्हणत नाही, सगळे 'एपीएल' म्हणतात.

मायलॉइड प्रकारच्या अक्यूट ल्युकेमियात दहा रुग्णांमागे साधारण एक एपीएलचा. तो बहुतेकदा तरुण किंवा मध्यमवयीन असतो आणि स्वतःच्या पायांनी चालत येतो. तक्रार काय, तर दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, मांडीवर कुठे न आपटता काळेनिळे डाग उठलेत, चार दिवस अंगात कणकण आहे. हाच माणूस त्या रात्री मेंदूतल्या रक्तस्रावाने जाऊ शकतो. फोनची घाई त्यासाठी.

१९५७ साली लाइफ हिलेस्टाड या नॉर्वेच्या डॉक्टरने अशा तीन रुग्णांचं वर्णन करून हा वेगळाच आजार असल्याचं सांगितलं. काही आठवड्यांत मृत्यू, आणि रक्तस्राव थांबता थांबत नाही. त्याचं कारण त्या जांभळ्या दाण्यांत आणि पेशीच्या पृष्ठभागावर आहे. तिथली रसायनं शरीरभर रक्त गोठवण्याची यंत्रणा विनाकारण सुरू करतात आणि झालेल्या गुठळ्या विरघळवण्याची यंत्रणाही पेटवून देतात. या दुहेरी उधळपट्टीत प्लेटलेट आणि गोठवणारी प्रथिनं संपून जातात. खरी जखम होते तेव्हा तिजोरीत काही उरलेलं नसतं. त्यात केमोथेरपी दिली की पेशी फुटायच्या, दाणे रक्तात सांडायचे आणि रक्तस्राव आणखी वाढायचा. म्हणजे औषध लागू पडलं तरी पंचाईत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या पेशी काही परग्रहावरून आलेल्या नाहीत. जंतूंशी लढणारी आपली पांढरी पेशी, न्यूट्रोफिल, अस्थिमज्जेत एकेक इयत्ता चढत तयार होते. त्यातली मधली इयत्ता म्हणजे प्रोमायलोसाइट. एपीएलमध्ये पेशी याच इयत्तेत अडकते. पुढे सरकत नाही, मरत नाही, नुसती संख्येने वाढत राहते. सगळी शाळा एकाच वर्गात कोंबल्यासारखी अवस्था होते.

मग त्यांना मारण्याऐवजी वरच्या वर्गात ढकलता आलं तर? १९७०च्या दशकात हा विचार विचित्र वाटायचा, कारण कॅन्सरचा उपचार म्हणजे पेशी मारणं हे ठरूनच गेलं होतं. तरीही इस्रायलमध्ये लिओ साक्स यांनी प्रयोगशाळेत दाखवलं होतं की ल्युकेमियाच्या काही पेशींना प्रौढ व्हायला भाग पाडता येतं. पुढे अमेरिकेत अशा पेशींवर रेटिनॉइक ॲसिड, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनणारा एक रेणू, टाकला तेव्हा त्या परिपक्व झाल्या. हे सगळं काचेच्या बशीत. माणसाला द्यायचं धाडस शांघायच्या वांग झेन्यी यांनी केलं. ऑल-ट्रान्स रेटिनॉइक ॲसिड, ज्याला आज डॉक्टर 'ॲट्रा' म्हणतात, ते चीनमध्ये त्वचेच्या विकारांसाठी तयार होतच होतं. १९८०च्या दशकाच्या मध्यावर पाच वर्षांच्या एका मुलीची आशा संपत आली होती. वांग यांच्या पत्नी लहान मुलांच्या रक्तविकारांच्या डॉक्टर, आणि ही मुलगी त्यांच्याच रुग्णालयात होती. तिला केमो नाही, नुसती ही कॅप्सूल दिली. ती बरी झाली.

१९८८ साली त्यांच्या गटाने २४ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. नुसत्या ॲट्राने २३ जणांचा ल्युकेमिया आटोक्यात आला होता. बाहेरच्या जगाला यावर चटकन विश्वास बसला नाही, आणि त्यात नवल नाही. पण पुरावा स्लाइडवर होता. उपचार सुरू असताना रुग्णाच्या रक्तात पूर्ण वाढलेले न्यूट्रोफिल दिसायला लागले आणि त्यांतल्या काहींच्या पोटात अजून त्या लाल सुया होत्या. म्हणजे रोगट पेशी मरून त्यांच्या जागी नव्या आल्या नव्हत्या. त्याच पेशी शहाण्या झाल्या होत्या, खिशात जुनी खूण घेऊन. सूक्ष्मदर्शकातून दिसलेला इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचित मिळतो. वांग यांनी या उपचाराचं पेटंट घेतलं नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

हे का घडलं ते नंतर कळलं. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७७ मध्ये दाखवलं होतं की या रुग्णांच्या पेशींत १५व्या आणि १७व्या गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. तुटण्याची नेमकी जागा १९९०च्या सुमारास सापडली आणि सगळे चकित झाले. १७व्या गुणसूत्रावरचं तुटलेलं जनुक होतं रेटिनॉइक ॲसिडच्या ग्राहकाचं, म्हणजे तो रेणू पकडणाऱ्या प्रथिनाचं. ज्या औषधाने रोग हटत होता, त्याच औषधाचं कुलूप रोगात मोडलेलं होतं! वांग यांना हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

हा ग्राहक म्हणजे पेशीच्या केंद्रकातलं एक बटण. एरवी अ जीवनसत्त्वाचा रेणू अगदी थोडा आला तरी बटण दाबलं जातं आणि पेशीला मोठं करणारी जनुकं सुरू होतात. अदलाबदलीत या बटणाला १५व्या गुणसूत्रावरच्या 'पीएमएल' या प्रथिनाचं डोकं चिकटतं. दोन वाक्यांचे अर्धे अर्धे तुकडे जोडून तयार झालेलं हे निरर्थक, पण हट्टी वाक्य. हे जोडप्रथिन जनुकांवर ठाण मांडून बसतं, सोबत कुलूप लावणारी टोळी गोळा करतं आणि नेहमीच्या प्रमाणातल्या अ जीवनसत्त्वाला दाद देत नाही. ॲट्राची मोठी मात्रा दिली की टोळी पांगते, कुलूप उघडतं.

पण नुसत्या ॲट्रावर रोग काही महिन्यांत परतायचा. केमोची जोड दिल्यावर निकाल पुष्कळ सुधारले. तरी केमो ती केमोच.

आता शांघायहून उत्तरेला, हार्बिनला जाऊ. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वैद्यकीय विद्यापीठातल्या लोकांच्या कानावर आलं की जवळच्या खेड्यात कर्करोगावर एक गावठी औषध देतात. त्यात तीन जिन्नस होते: सोमल, पाऱ्याचं एक संयुग आणि बेडकाच्या जातीतल्या भेकाचं विष. औषधनिर्माते हान ताय्युन यांनी त्याचं इंजेक्शन बनवलं आणि डॉक्टर झांग टिंगडाँग यांनी ते रुग्णांना दिलं. पाऱ्याने मूत्रपिंडं बिघडत होती, भेकाच्या विषाने रक्तदाब चढत होता. एकेक जिन्नस काढत गेल्यावर काम करणारा एकच उरला, तो म्हणजे सोमल, अर्थात आर्सेनिक ट्रायऑक्साइड. ल्युकेमियाचे निरनिराळे प्रकार वेगळे करून पाहिले तेव्हा तो सगळ्यांत जास्त एपीएलवर चालतो हे दिसलं.

ही गोष्ट सांगितली की 'बघा, जुन्या लोकांना सगळं माहीत होतं' असं कुणीतरी म्हणतंच. मला ते पटत नाही. जुन्या लोकांना तीन विषांची मिसळ माहीत होती. त्यांतली दोन विषं निरुपयोगी आणि घातक आहेत, आणि तिसरं शेकडो रोगांतल्या नेमक्या एकावर रामबाण आहे, हे कळायला रुग्णांच्या नोंदी ठेवाव्या लागल्या. युरोपातही १७८६ पासून फाउलरचं सोल्युशन नावाचं आर्सेनिकचं पाणी तापापासून त्वचारोगापर्यंत कशावरही पाजत. एकोणिसाव्या शतकात ते ल्युकेमियावरही देऊन पाहिलं आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्याही दिसल्या. पण सगळ्या ल्युकेमियांना एकच समजल्यामुळे खरा मासा जाळ्यातून निसटला.

१९९७ साली शांघायच्या गटाने ॲट्रानंतर रोग उलटलेल्या रुग्णांना आर्सेनिक दिल्याचे निकाल छापले. नुसतं आर्सेनिक मिळालेल्या दहापैकी नऊ जणांचा रोग पुन्हा आटोक्यात आला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये बारापैकी अकरा. २००० साली अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. विषाच्या बाटलीवरच्या कवटीपासून सलाइनच्या बाटलीपर्यंतचा प्रवास इतका भराभर झाला.

आणि आर्सेनिक करतं काय? आपल्याकडे एक वाक्प्रचार रोज वापरात आहे: तत्त्वांना हरताळ फासला, आश्वासनांना हरताळ फासला. अनेकांना तो बंद-संपाच्या हरताळातला वाटतो. तसं नाही. हा हरताळ म्हणजे पिवळं खनिज, आर्सेनिक आणि गंधकाचं संयुग. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप द्यायचे, अक्षर बुजायचं. खोडरबर आणि व्हाइटनर यांचा तो पूर्वज.

एपीएलच्या पेशीत आर्सेनिक जवळपास शब्दशः तेच करतं. जोडप्रथिनाच्या पीएमएलच्या बाजूला गंधक असलेले काही दुवे आहेत, आणि आर्सेनिकला गंधकाची ओढ आहे. तो तिथे जाऊन चिकटतो. चिकटला की त्या प्रथिनावर पेशीची स्वतःची यंत्रणा एकामागून एक शिक्के मारते: 'मोडीत काढा'. मग पेशीतला कचरा दळणारा गिरणीसारखा भाग त्याचे तुकडे करतो. ॲट्रा तेच प्रथिन दुसऱ्या टोकाकडून मोडायला लावतं. चुकलेलं वाक्य दोन्ही बाजूंनी पुसलं जातं, आणि ज्या मूळ पेशींतून रोग पुन्हा उगवतो त्यांचा आधारच जातो. हे दोघं एकत्र केमोशिवाय पुरतात का, याची थेट परीक्षा इटली आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी घेतली. फ्रांचेस्को लो-कोको यांनी २०१३ मध्ये निकाल मांडले. ज्यांच्यात धोका कमी किंवा मध्यम होता अशा रुग्णांपैकी ॲट्रा आणि आर्सेनिक मिळालेले दोन वर्षांनी ९९ टक्के जिवंत होते. ॲट्रा आणि केमो मिळालेले ९१ टक्के. सगळ्यांत झपाट्याने मारणारा ल्युकेमिया सगळ्यांत जास्त बरा होणाऱ्यांत जाऊन बसला, तोही केस न गळता. पांढऱ्या पेशी सुरुवातीलाच फार वाढलेल्या असतील तर मात्र केमोची थोडी मदत अजून घेतात.

भारताचा यातला वाटा छोटा नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९९८ पासूनच नव्या रुग्णांना प्रामुख्याने आर्सेनिकवरच बरं करण्याचा प्रयत्न सुरू होता. कारण सरळ होतं: ॲट्रा आणि केमोचा खर्च झेपत नव्हता, आर्सेनिक स्वस्तात बनवता येत होतं. २००६ मध्ये त्यांनी ७२ रुग्णांचे निकाल दिले. तीन वर्षांनंतर जिवंत असण्याचं प्रमाण सुमारे ८६ टक्के. चीनमध्ये तर आर्सेनिक तोंडावाटेही देतात, मनशीळ, म्हणजे आर्सेनिकचंच आणखी एक खनिज, असलेल्या गोळ्यांतून. सोमल, हरताळ, मनशीळ ही तिन्ही नावं आपल्या रसशास्त्रातली. म्हणून कुणी भस्माच्या पुड्या आणायला निघेल तर त्याला अडवा. मात्रा, शुद्धता आणि मुळात आजार कुठला, या तिन्ही गोष्टी तिथे अंधारात असतात.

मात्रेचा अंदाज हवा असेल तर हा हिशेब पाहा. साठ किलोच्या माणसाला रोज सुमारे ९ मिलिग्रॅम आर्सेनिक ट्रायऑक्साइड शिरेतून देतात. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक किती असावं याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे मर्यादेवरचं पाणी जवळपास ६८० लिटर प्यावं तेवढं आर्सेनिक एका दिवसात. पश्चिम बंगालमधल्या विहिरींच्या पाण्यातून हेच मूलद्रव्य वर्षानुवर्षं पोटात जाऊन त्वचेचा कर्करोग करतं. म्हणून वॉर्डात ईसीजी वारंवार काढतात, कारण हृदयाची लय बिघडू शकते. पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी पडू देत नाहीत. आणि वजन बघतात. वजन अचानक वाढलं, ताप आला, धाप लागली तर अडकलेला सगळा वर्ग एकदम पास होऊन बाहेर पडल्याची ती लक्षणं: परिपक्व होणाऱ्या पेशी फुप्फुसांत गर्दी करतात, शरीरात पाणी साचतं. अशा वेळी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड तपासण्यांची वाट न बघता सुरू करतात.

इतकं सगळं जमूनही एपीएलचे रुग्ण अजून दगावतात. बहुतेक जण पहिल्या काही दिवसांत, रक्तस्रावानेच. चाचण्यांमध्ये सामील झालेले रुग्ण हे मुळात तिथवर जिवंत पोचलेले असतात, त्यामुळे ९९ टक्क्यांचा आकडा ऐकताना हे ध्यानात ठेवावं. गुणसूत्रांचा पक्का रिपोर्ट यायला दिवस लागतात. म्हणून आता नियम असा की स्लाइडवर मोळी दिसली, नुसता संशय आला, तरी ॲट्राची पहिली कॅप्सूल लगेच द्यायची. रिपोर्टमध्ये दुसरंच काही निघालं तर एक-दोन दिवसांच्या कॅप्सुलींनी फारसं बिघडत नाही. प्लेटलेट आणि प्लाझ्मा त्याच वेळी चढवायला घ्यायचा. हे करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो सूक्ष्मदर्शकाशी बसलेला, मोळी ओळखणारा माणूस, आणि रात्री अकरा वाजताही त्या कॅप्सूलची एक पट्टी जिथे मिळेल असं औषधांचं कपाट.