औषध दुकानातील सुरक्षा व गुणवत्ता (नागपूर)

किरकोळ औषध दुकानातून योग्य औषध, योग्य स्थितीत आणि समजेल अशा सूचनेसह रुग्णाच्या हाती पडावे यासाठीचे नियम व रोजचे शिरस्ते. त्यांचा कायदेशीर पाया म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, त्याखालील १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा. महाराष्ट्रात परवाने, तपासणी व नमुने घेण्याचे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा लागते, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीतच देता येतात. प्रमाणपत्र भिंतीवर आणि फार्मासिस्ट गैरहजर, हा या व्यवसायाचा जुना आणि सर्वांत गंभीर दोष आहे. हा दोष राहिला की बाकीचे नियम कागदावरच उरतात.

नागपुरात पहिला प्रश्न उन्हाचा. बहुतेक गोळ्यांच्या वेष्टनावर ‘३० अंश सेल्सिअसखाली ठेवा’ असे छापलेले असते, आणि मे महिन्यात शहराचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोचतो. पत्र्याचे छत किंवा पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात दुपारी मांडणीवरच्या औषधांना किती झळ लागते, हे तिथे तापमापी टांगल्याशिवाय कळत नाही. कूलर हा इथला घरोघरचा उपाय; पण तो हवेत ओल वाढवतो, आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या, पावडरी, कॅप्सूल ओल धरतात. औषधांसाठी एसीच बरा. इन्सुलिन व लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. त्या फ्रीजच्या दारात ठेवू नयेत, कारण तिथले तापमान सारखे बदलते. बर्फाच्या कप्प्यालगतही नकोत, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी भरवशाचे राहत नाही. दिवसातून दोनदा तापमान वहीत लिहिणे आणि वीज गेल्यास काय करायचे ते आधी ठरवून ठेवणे, ही चांगल्या दुकानाची खूण. ग्राहकाला इन्सुलिन देताना बर्फाची पिशवी द्यावी, पण कुपी तिला थेट टेकू देऊ नये. घरी फ्रीज नसलेल्यांना ओल्या मडक्याचा आधार घेता येतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात मडके चांगले गार राहते, पावसाळ्यात मात्र त्याचा तेवढा उपयोग होत नाही.

दुकानदार औषधाची गुणवत्ता वाढवू शकत नाही. ती टिकवणे आणि औषध कुठून आले, कोणाकडे गेले याचा माग ठेवणे एवढेच त्याच्या हाती असते. या मागाचे मोल नागपूरने जवळून पाहिले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली आणि त्यांतली अनेक दगावली. कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाला डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के आढळले. असे विष रंगावरून, वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. काउंटरवरचा कितीही जाणता माणूस तिथे हतबल आहे. मात्र ठोक विक्रेत्याचे पक्के बिल जपलेले असेल आणि ग्राहकाच्या बिलावर बॅच क्रमांक असेल, तर इशारा मिळताच उरलेल्या बाटल्या बाजूला काढता येतात आणि विकलेल्या बाटल्यांचा शोध लागतो. गांधीबागेतल्या दवाबाजारातून बिनबिलाचा माल थोडा स्वस्त मिळाला, तरी तो घेणाऱ्याकडे हा माग राहत नाही.

चिठ्ठीचे नियम औषधाच्या वर्गानुसार बदलतात. १९४५ च्या नियमांना जोडलेल्या याद्यांना अनुसूची म्हणतात. त्यांतली अनुसूची एच-१ मार्च २०१४ पासून लागू झाली; तिच्यात वरच्या पिढीची प्रतिजैविके, क्षयरोगाची व सवय लावणारी काही औषधे येतात. ती विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध व दिलेले परिमाण यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. अनुसूची एक्समधील औषधे कुलपात ठेवतात.

लेबल बहुधा इंग्रजीत असते, आणि मेडिकल किंवा मेयो या शहरातल्या सरकारी रुग्णालयांतून चिठ्ठी घेऊन येणारा रुग्ण वऱ्हाडी, हिंदी किंवा गोंडी बोलणारा असतो. म्हणून ‘जेवणाआधी’, ‘आठवड्यातून एकदाच’ हे तोंडी सांगून त्याच्याकडून परत वदवून घेणे आवश्यक ठरते. संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटसारखी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज घेतली गेली, तर ती जिवावर बेतू शकते.

मुदत संपलेला माल विक्रीच्या मांडणीवरून काढून, ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहून वेगळा ठेवतात. औषधाबाबत संशय आल्यास ग्राहक बिल व वेष्टन जपून अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करू शकतो.