लाल सिग्नलपाशी उभा राहणारा दांडा

‘कवच’ची, म्हणजे धोका दिसताच गाडीला स्वतःहून ब्रेक लावणाऱ्या रेल्वेच्या यंत्रणेची, बातमी आली की आमच्या रत्नागिरीत हमखास ऐकू येतं, “आता गाडी आपोआप थांबणार म्हणे!” पण गाडी आपोआप थांबवायची युक्ती जुनीच आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत ती १९०४ पासून आहे. ना संगणक, ना रेडिओ.

सिग्नलजवळ रुळाला लागून एक लोखंडी दांडा असतो. सिग्नल लाल, की दांडा उभा. हिरवा, की आडवा. गाडीखाली ब्रेक पाइपला, म्हणजे ब्रेकसाठी दाबाची हवा भरलेल्या नळीला, जोडलेला एक कॉक (तोटी) असतो. मोटरमनने लाल सिग्नल ओलांडला, की दांडा कॉकच्या कांडीला आपटतो, कॉक उघडतो आणि पाइपातली हवा फुस्सकन सुटते. गाडी थांबते.

हवा गेली आणि ब्रेक लागले? हो. पाइप फुटला म्हणजे ब्रेक फेल, असं पुष्कळांना वाटतं. घडतं नेमकं उलटं. आपल्या गाड्यांत पाइपात साधारण ५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब असतो आणि तो आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी असते. पाइपातला दाब पडला, की डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये सोडतो, दट्ट्या सरकतो, ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबले जातात. तुम्ही साखळी ओढता तेव्हाही हीच हवा सुटते.

दांड्याचीही तीच तऱ्हा. त्याला उभा करते स्प्रिंग. वीज किंवा दाबाची हवा लागते ती आडवा पाडायला. वीज गेली तर दांडा उभाच, म्हणजे गाडी खोळंबेल, पण पुढे घुसणार नाही. इंजिनाला बांधलेली लिंबू-मिरची तुटून पडली तर गाडीला पत्ताही लागत नाही!

मग कोकण रेल्वेवर हा दांडा का नाही? आपटल्यावरही गाडी थांबायला अंतर लागतं, आणि ते सिग्नलच्या पुढे मोकळं ठेवावं लागतं. एकसारख्या मेट्रो गाड्यांना हे जमतं. इथे एकेरी मार्गावर राजधानीही धावते आणि ट्रक लादलेली रो-रोही. दोघींचं थांबण्याचं गणित वेगळं. इथे गाडीगणिक हिशेब करणारं ‘कवच’च हवं.

पण त्याच्याकडूनही भलत्या अपेक्षा नकोत. त्याला सिग्नल कळतो, दुसरी गाडी कळते. दरड कळत नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. म्हणून पावसाळ्यात इथलं वेळापत्रक बदलतं, कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून रूळ नेलेत तिथे, रात्रंदिवस गस्त असते, आणि मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं की लोको पायलटला वेग ताशी ४० किलोमीटरवर आणावा लागतो.