सरळ झालेला रेणू पुन्हा वाकवणारं विकर

भर उन्हातून अंधाऱ्या थिएटरात शिरलं की आपण खुर्च्यांच्या पाठी चाचपत जागा शोधतो. थोड्या वेळानं शेजाऱ्याचा चेहरा दिसू लागतो, पण डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास तरी लागतो. तेवढ्या वेळात दृष्टिपटलात मोठी दुरुस्ती चालू असते.

अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींत रोडॉप्सिन असतं. त्याच्या पोटात 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला, अकराव्या कार्बनपाशी वाकलेला रेटिनल हा रेणू बसलेला असतो. प्रकाश पडला की तो सरळ होतो. दिसण्याची सुरुवात होते ती इथे. पण एकदा सरळ झालेला रेणू पुन्हा उपयोगी पडायचा, तर त्याला वाकवायला हवं, आणि दंडपेशीला ते जमत नाही. म्हणून तो शेजारच्या रंगद्रव्य थरात जातो. तिथे त्याला आधी मेदाम्ल जोडलं जातं. मग आरपीई६५ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, ते मेदाम्ल तोडतं आणि त्याच झटक्यात रेणू वाकवतं. एका लोह अणूच्या आधारानं होणारी ही दुहेरी करामत मला आजही थक्क करते. हे काम याच प्रथिनाचं, हे पक्कं कळायला 2005 साल उजाडलं.

या विकराचं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं आलं, तर बाळाची नजर जन्मापासूनच अधू असते. रातांधळेपणावर अंगणवाडीत 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देतात, कारण तिथे कच्चा मालच कमी पडलेला असतो. इथे माल भरपूर असतो, कारागीरच नसतो. अशा मुलाला कितीही गाजरं खाऊ घातली तरी फरक पडत नाही, हे आईवडिलांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं.

हाच दोष ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांतही आढळतो. निरुपद्रवी विषाणूत चांगलं जनुक भरून ते डोळ्यात सोडल्यावर या कुत्र्यांना दिसू लागलं, हे 2001 मध्ये जाहीर झालं. पुढे माणसांवरच्या चाचणीत रुग्णांना अडथळ्यांच्या वाटेवरून चालायला लावलं. उपचारानंतर वर्षभरानं 20 पैकी 13 जण अवघ्या 1 लक्स उजेडात, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या काही पट प्रकाशात, ती वाट पार करू शकले. डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेनं 'लक्स्टर्ना' नावाच्या या जनुक-उपचाराला मान्यता दिली. एका डोळ्याची किंमत होती 4,25,000 डॉलर! शिवाय दृष्टिपटलातल्या पेशी जिवंत असतील तरच या उपचाराचा उपयोग होतो, आणि वयाबरोबर त्या मरत जातात. त्यामुळे बाळ दिव्याकडे किंवा चेहऱ्याकडे बघत नसेल, तर 'मोठं झाल्यावर सुधारेल' म्हणून थांबू नये.